चुली बघून ये

आत्याबाई, तुम्ही मला एक काम सांगितलं होतं आणि ते मी केलं होतं. तेवढं तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आमचं पत्र आलं की थोरले भावजी वाचून दाखवायचे आणि तुम्ही त्यांना मधेच थांबवून "ते परत वाच" म्हणायचात. आता भावजीही नाहीत. तेव्हा हे कोण वाचणार आणि कुणाला, हे मला विचारू नका. इथे सांगलीत दुपार झाली आहे, तुमचे धाकटे चिरंजीव जेवून आतल्या खोलीत घोरताहेत, आणि मला तासभर तरी कुणी हाक मारणार नाही.

लग्न होऊन मी रहिमतपूरजवळच्या तुमच्या गावी आले तेव्हा मला स्टोव्ह पेटवता येत होता, चूल नाही. पहिल्याच सकाळी मी फुंकणी घेऊन बसले आणि घरभर असा धूर केला की गोठ्यातली म्हैससुद्धा ठसकली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, त्यातल्या धुराच्या किती आणि माहेरच्या आठवणीच्या किती ते माझं मला माहीत. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "फुकनीत तोंड घालून रडू नगंस. आदी वारं कुठनं येतंय ते बग, मग लाकडं लाव." एवढंच बोललात आणि निघून गेलात. मला तुमचा इतका राग आला होता! पुढे हिमालयासारख्या थंडीत, कुठल्या कुठल्या परक्या रानात मी ओल्या काटक्या पेटवल्या, त्या सगळ्या तुमच्या त्या एका बोलण्यावर. हेही सांगायचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी यांच्या डोक्यात फटफटीवरून जग फिरून यायचं खूळ शिरलं. सांगलीतलं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप भागीदाराच्या हवाली करायचं, वाटेत मिळेल तिथे काम करायचं, कुणाच्याही ओसरीवर झोपायचं आणि जायचं, असा यांचा बेत. भावकीतले म्हातारे आपल्या सोप्यात जमले. "सुनंला फटफटीवर बसवून मुलूखभर हिंडवनार व्हय? आवं, लोक काय म्हंत्याल?" तुम्ही आत भाकरी थापत होतात. हात न थांबवता आतूनच बोललात, "हिंडू द्या की. मी जल्मभर चुलीफुडं बसले. काय दिसलं मला? धूर!" मग भाकरी तव्यावर टाकून तुम्ही वर ऐकवलंत, "माजी पोरं जग फिरून येत्याल तवा येशीपासनं हलगी लावून आनीन. बगाच तुमी." मिलिटरीतून सुटून आलेले भावजी दारात उभे होते. ते आपल्या त्या भल्यामोठ्या मिशीला पीळ देत हसत होते. निघायच्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, तिकडून काय आणू? तुम्ही म्हणालात, "मला काय करायचंय? तिकडच्या बायकांच्या चुली कशा असत्यात तेवढं बगून ये. आन मला येऊन सांग."

मग मी बघितल्या हो. लोक उंच इमारती बघायचे, मी कुणाच्याही घरात शिरले की थेट स्वयंपाकघर गाठायची. जपानात एका खेड्यात खोलीच्या मधोमध चौकोनी खड्डा होता, त्यात राखेवर निखारे आणि वर आढ्याला टांगलेल्या आकड्याला किटली. घरातले सगळे त्याच्याभोवती बसलेले, बाई एकटी धुराकडे तोंड करून नाही. ही चूल तुम्हाला पहिली सांगायची असं मी ठरवलं होतं. अमेरिकेत बटण फिरवलं की लोखंडाचं वेटोळं लाल व्हायचं, जाळ म्हणून नाहीच. मी विचारलं, मग फुंकायचं काय? हे पोट धरून हसले आणि माझा प्रश्न त्या बाईला काही सांगितला नाही. जर्मनीत एका शेतकऱ्याकडे चुलीला फरशा लावलेल्या होत्या आणि तिला लागूनच बाक, त्यावर घरची म्हातारी पाठ शेकत बसलेली. तुमची पाठ धरायची, ते तिथे मला फार आठवलं. आणि तुर्कस्तानात जमिनीत पुरलेली रांजणासारखी भट्टी. तिथल्या बाईने खुणेनं मला रोटी आतल्या भिंतीला थापायला दिली. माझ्या हातावरचे केस जळाले आणि रोटी पडली निखाऱ्यात. ती मला जे काही बोलली त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण सूर अगदी तुमचा होता. अशी एकेक चूल बघून झाली की मी फटफटीवर मागे बसून यांच्या कानात म्हणायची, ही आत्याबाईंना सांगायची बरं का. दोन वर्षं आमचा संसार असाच चालला, माझं तोंड यांच्या कानाशी आणि यांची मान जराशी मागे.

इराणमधून बोटीने मुंबईला उतरलो आणि कोणत्या दिवशी पोचतो त्याची घरी तार केली. साताऱ्याला स्टँडपाशी थांबलो. सगळं जग पालथं घालून तुमच्यासाठी घेतलं काय, तर कंदी पेढे. तुम्हाला दात नव्हते, पेढा गालात धरून तुम्ही सकाळची दुपार करायचात. तिथे आपल्या गावातला एक जण भेटला. यांनी विचारलं, "आई कशी हाय रं?" तो म्हणाला, "चला चला, समदं गाव वाट बगतंय," आणि चहासुद्धा न घेता पळाला. यांना वाटलं त्याची एसटी चुकेल. मलाही तेच वाटलं.

वेशीच्या अलीकडेच हलगी ऐकू आली. यांनी मान मागे केली. "ऐकलंस? आईनं शबूद खरा केला." वेशीत पोरं, बाया, हलगीवाले, गुलाल. भावजी हार घेऊन पुढे आले. डोक्याला फेटा होता आणि ओठावर मिशीच्या जागी नुसते खुंट. हे गाडीवरूनच ओरडले, "दादा, मिशी कुनाला दान केलीस रं?" पोरं खो खो हसली. भावजीही हसले. "उन्हाळ्याची उतरिवली गड्या," म्हणाले. मीही हसले, आत्याबाई. मग मला दिसलं की पाठीमागचा एक म्हातारा हसत नाही, खाली बघतो आहे. मी पुन्हा भावजींकडे पाहिलं. फेट्याखाली, कानाच्या वर, केस होते तेही मिशीएवढेच. मिशी आणि डोकं एकाच दिवशी उतरवायचा प्रसंग पुरुषावर कधी येतो, ते मला कुणी शिकवायला नको होतं. मामंजी तर माझ्या लग्नाआधीच गेलेले. भावजींची आणि माझी नजर मिळाली. मला कळलं हे त्यांना कळलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून, आणि हलगीवाल्यांना हात केला.

आता फटफटी पहिल्या गिअरमध्ये आहे, हे दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत चालवताहेत, गळ्यात हारावर हार. मी मागे आहे. पेढ्यांचा पुडा माझ्या पोटात आणि यांच्या पाठीत दाबला जातोय. माझं तोंड यांच्या कानाशी आहे. दोन वर्षं आहे तिथेच आहे. दोन शब्द बोलायचे आहेत. कुणी बाई यांच्या पायावर पाणी घालते, कुणी कपाळाला गुलाल फासतं, हे विचारतात, "आई कुठाय?" आणि जो तो म्हणतो, "घरी, घरी." सांगू कसं? गर्दीच्या मधोमध, गुलालाने माखलेल्या माणसाला? आणि न सांगू तरी कसं, हा माणूस इथे हसतो आहे आणि उद्या त्याला हे हसणं आठवणार आहे. मी तोंड उघडलं की हलगी आणखी जोरात वाजायची. खरं तर ती होती तशीच वाजत असणार. यांनी एकदा मान मागे केली. "काय म्हनलीस?" मी म्हटलं, "काही नाही. सावकाश चालवा."

दारात थोरल्या जाऊबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. त्यांनी तुकडा आमच्यावरून ओवाळला, पाणी ओवाळलं, तर निम्मं त्यांच्याच पायावर सांडलं. हे त्यांच्या खांद्यावरून आत बघत होते. "आये!" अशी हाक मारली, लहानपणी मारत असतील तशी. हलगी थांबली. भावजी पुढे आले, यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. बस. फटफटी सुरूच होती, उंबऱ्यासमोर तशीच थडथडत. वाळवंटात इंजिनाचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस, त्याला ती बंद करायचं सुचेना. शेवटी मीच हात पुढे घालून किल्ली फिरवली.

मग अंगणातच यांच्या डोक्यावरून कपड्यांसकट पाणी ओतलं. गुलाल सगळीकडे वाहिला. न्हाव्याला बोलावणं गेलं. भावजी सांगत होते, थंडी सरता सरता ताप आला, छातीत कफ झाला, काही करायला सवडच मिळाली नाही. "आईच म्हनली, कळवू नगा, पोरं अर्ध्यातनं माघारी फिरत्याल. आन म्हनली, हलगी मातूर चुकवू नगंस. सुतकाच्या वरसात हलगी लावली म्हून भावकी बोलायची थांबलीया माज्याशी. पर तिचा शबूद कसा मोडू रं मी?" हे ओल्या अंगाने पायरीवर बसलेले. म्हणाले, "हलगी वाजत हुती, दादा. हलगी वाजतीया म्हनल्यावर आई हाय, असंच वाटलं मला. आन मी तुज्या मिशीला हसलो." भावजींनी यांचं डोकं धरलं आणि दोघंही रडले. मी कुणाला दोष देणार होते? तुम्हाला? पेढ्यांचा चुरा झालेला पुडा माझ्या हातात तसाच होता. तो घरात ठेवावा की नाही, तेही कुणाला विचारता येईना.

आत्याबाई, ती फटफटी यांच्या वर्कशॉपच्या कुपवाडच्या शेडमध्ये अजून आहे. हे तिला पुसतात, चालवत नाहीत. लग्नाकार्यात हलगी लागली की हे काहीतरी काम काढून बाहेर पडतात. तुला कधी कळलं, असं यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला अजून ठाऊक नाही. गावातल्या बाया पुढे महिनाभर मला बर्फाचं विचारायला यायच्या, विमानाचं विचारायच्या, गोऱ्या बायका डोकं कशानं धुतात ते विचारायच्या. सगळं सांगितलं. चुलींचं मात्र कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच लिहिलं.

हे पत्र मी यांना दाखवणार नाही. दाखवलं तर यांना वाटेल, की त्या वेशीत माझा जीव यांच्यासाठी तुटला. तुटला, पण तो नंतर. भावजींच्या कानावरचे केस बघितले तेव्हा माझ्या मनात आधी यांचं आलं नाही, तुम्ही गेलात हेसुद्धा धड आलं नाही. आधी आलं ते एवढंच, की आता त्या चुली मी कुणाला सांगू.