दोनदा वाजून बंद होणारा फोन

मांडवी, रत्नागिरी
१४ ऑक्टोबर २००७

चि. केतन यास,

गंगारामकाकांचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. (पोटभर का, ते पुढे कळेल.) तुझा खोकला गेला का? ओव्याचा वाफारा घे. इकडची खुशाली मात्र विचारू नकोस.

मे महिन्यात तू काकूला तो स्वस्तातला मोबाईल दिलास, तिथूनच सगळं बिघडलं. गरीब देशांसाठी याहून स्वस्त फोन येताहेत असं पेपरात वाचलं आणि मी ती बातमी कापूनच ठेवली. अरे, फोन कांद्याच्या भावाने मिळायला लागले तर चोर काय चिठ्ठ्या लिहीत बसतील? कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस गप्प कसा बसणार! आळीत 'मोबाईल गैरवापर प्रतिबंधक समिती' काढली. (सभासद मी एकटा. बाकीचे 'बरं बरं' म्हणाले, ती मी संमती धरली.) फोन कोणाच्या नावावर, कोणाला करणार, कशासाठी, सगळं वहीत लिहून घेऊन खाली सह्या घेतल्या. सही दिली नाही ती एकट्या तुझ्या काकूने. झाली ना संशयाला जागा!

मग पाळतच ठेवली. तिचा फोन सकाळी एकदा वाजून बंद व्हायचा, नाहीतर दोनदा. ही उचलायची नाही. एकदा वाजला तर चालत जेटीकडे, दोनदा वाजला तर पदर खोचून धावत. पिशवी दोन्ही वेळा काखेत. आता तूच सांग, ही सरळ बाईची लक्षणं आहेत? मी अकरा दिवसांच्या वेळा टिपल्या आणि हवालदारांना घेऊन होडीमागे लपलो.

पिशवीत निघाली सुरमई. टोळीची म्होरकी म्हणजे आपल्याला वीस वर्षं मासळी देणारी मासूमा. बांगडा आला की तिचा एक मिस्ड कॉल, सुरमई आली की दोन. उचलला की तिचे पैसे जातात, म्हणून कोणी उचलायचाच नाही. अर्धी मांडवी या खुणेवर जेवते, ठाऊक नव्हतं ते फक्त मला. हवालदार पोट धरून हसले. मासूमा हसली नाही. "भाऊ, माझ्याकडचं खाऊन माझ्यावरच पोलीस आणलात?" एवढंच म्हणाली. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून आमचा फोन गप्प. (हवालदारांचा वाजतो. दोनदा.) बारा दिवस घरात कुळथाची पिठी चालू आहे. काकूला मात्र त्या पिठीचं काहीच वाटत नाही, याचंही मला नवल वाटतं.

तुझा,
गंगारामकाका
(समिती बरखास्त)

ता. क. खरं काम असं, की मुंबईहून एक स्वस्तातला फोन आणि कार्ड पाठव. कार्ड माझ्या नावावर नको, तुझ्याही नको, आडनाव एकच. कोणा भलत्याच्या नावावर काढ. शेजारचा विठू तो नंबर नव्या गिऱ्हाईकाचा म्हणून मासूमाला देईल. वहीत नोंद करणार नाही.

ता. क. केतन, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून लिहिते. फोन पाठवू नकोस. मासूमाचे मिस्ड कॉल रोज येतात, आवाज तेवढा मी बंद करून ठेवलाय. सुरमई तिच्याकडेच खाऊन येते. हे जाऊन तिची माफी मागतील त्या दिवशी आवाज चालू करीन. तोवर घरात कुळीथ भरपूर आहेत. – प्रेमलाकाकू