तुझा गोल जुळला, दादा

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला काय लिहितात ते मला कोणी शिकवलं नाही. शाळेचं तर तुला ठाऊकच आहे, सातवीतून पळालो तो पळालोच. तरी लिहून राहिलो. परवा नागपूरहून राजकोटला परतलो, वर्कशॉपात जळलेल्या मोटारींच्या तारा गुंडाळायला बसलो, पण हात चालेना. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगून भागत नाही.

तुझं मशीन चालतं.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या स्टोअरमधून दमून यायचास आणि चहा झाला की त्याच्यापुढं बसायचास. मंगळवारी बाजारातल्या कबाड्याकडून आणलेल्या मोडक्या प्रिंटरच्या मोटारी, ड्रॉवरच्या पट्ट्या, टीव्हीला जोडलेला तो लहानसा कॉम्प्युटर. प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये. कॉम्प्युटर सांगेल तशी मोटर पाऊल पाऊल सरकणार आणि टोक खालच्या प्लास्टिकच्या पाटीवर नाव, नक्षी कोरत जाणार. सक्करदऱ्याची आपली गल्ली किती हसली! शेजारचे शामरावकाका तर आपल्या विणकर बाबांना म्हणाले होते, पोरगं मोठं हातमागच लावून राहिलं, फक्त कापड निघत नाही.

पण पहिल्या उन्हाळ्यात निघालं ना! वहिनीच्या देवघरावर ती निळी पाटी अजून आहे, मधे गोल, गोलात ओम. गोल कसा, तर जिथून सुरू झाला तिथंच येऊन मिळालेला.

मग पुढच्या उन्हाळ्यात तो मिळेनासा झाला. टोक फिरून यायचं आणि जरा बाजूलाच थांबायचं. तू प्रोग्रॅम बदललास, पुन्हा बदललास. वहिनी म्हणते, जेवतानाही बोटानं ताटात आकडे काढायचास. मी एकदा स्क्रू पिळायला पेचकस उचलला तर तू माझ्या हातातून काढून घेतलास. "राहू दे बे गज्या. तुह्या हाताले धीर नाही." खरं होतं. पण दादा, कोणालाच हात लावू द्यायचा नाही, हे काहून?

दिवाळीत मशीनवर कापड टाकलेलं होतं आणि तुझे डोळे पिवळे दिसत होते. तू हसून म्हणालास, "मशीन बराबर हाय गा. माह्या डोक्यातच चुका हाय." ते वाक्य माझ्या मागं राजकोटपर्यंत आलं. होळीच्या आधी तू गेलास. कावीळ, डॉक्टर म्हणाले. वहिनी म्हणते, मशीन.

म्हणून या वेळी घरी गेलो तेव्हा तिनं मला पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, चालत असन तर चालवून दाखवा. नाही तर सोमवारी कबाडीवाला येऊन राहिला. हे पाहून पाहून माहा जीव जाते." मला मशीन वाचवायचं होतं असंही नाही. मला एवढंच पाहायचं होतं की चूक तुझी होती का.

सकाळी लावलं. गोल जुळला. वहिनी कणीक मळता मळता उठून आली. दुपारी पुन्हा लावलं, तर गोल तुटका. मला वाटलं, ऊन. पार्ट तापत असतील. टेबलफॅन लावला, ओलं फडकं बाजूला टांगलं. फरक नाही. मग बाबांनी बातम्यांसाठी रेडिओ लावला आणि तो नुसता खरखरत होता. मी दुपारपासून चालू असलेला कूलर बंद केला. खरखर थांबली, आणि गोलही जुळला.

कूलरच्या ढिल्या बटणातली ठिणगी, दादा. तीच तारेतून येऊन मोटारीची पावलं चुकवत होती. पण मग निळी पाटी कशी निघाली? त्याही उन्हाळ्यात कूलर होताच की. मी मशीनच्या पेटीतून निघालेली हिरवी तार धरली, अर्थिंगची, आणि तिच्यामागं जमिनीवर रांगत गेलो. ती बाबांच्या खाटेखाली फरशीत शिरत होती.

"बाबा, हे कुठं जाते?"

"कुठं म्हंजे? माह्या खड्ड्यात. तुह्या भावानं तांब्याचा पत्रा पुरला होता तिथं."

बाबांच्या मागाचा खड्डा! ज्यात पाय सोडून त्यांनी सारा जन्म विणलं. आपल्याकडच्या उन्हात सूत तटतट तुटतं, म्हणून ते रोज सकाळी त्यात पाणी शिंपायचे. त्या ओलीवर तुझं अर्थिंग जगत होतं आणि तुला ते कळलंच नाही. मग बाबांचे गुडघे गेले, माग विकला. म्हातारा खड्ड्यात पडू नये म्हणून तूच सुट्टी काढून त्यात मुरूम भरलास, वर फरशी बसवलीस, त्यांची खाट टाकलीस. आतली माती कोरडी पडली. तार तिथंच, पत्रा तिथंच, पण कूलरचा तो कचरा जमिनीत जायचा बंद झाला. आणि तू चूक शोधत बसलास स्वतःत.

बापासाठी खड्डा बुजवला, यात चूक कोणती म्हणायची? पण एकदा तरी त्यांना विचारायचं होतं ना, बाबा, आधी काय होतं जे आता नाही? ते तर समोरच खाटेवर बसलेले असायचे.

मी एक फरशी काढली, खाली खणून ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ भरलं, पाईप उभा केला, पाणी ओतलं. पाणी आत जाताना जमिनीनं आवाज केला, तहानलेल्या माणसासारखा. मग तुझी सगळ्यात पहिली कॅसेट लावली. नंतर बदललेली एकही नाही, पहिलीच. भर दुपार, आपला कूलर चालू, शामरावकाकांचाही चालू. टोक फिरत आलं आणि जिथून निघालं होतं तिथंच उतरलं.

बाबांनी पाटी हातात घेतली. बोट त्या गोलावरून फिरवलं, विणलेल्या काठावरून फिरवायचे तसं.

"म्हंजे पोराचं बराबर होतं," ते म्हणाले. मग तोंड भिंतीकडं करून पडून राहिले.

वहिनी आत निघून गेली. मला वाटलं, रडत असेल. बाहेर आली ती पदर खोचून. कबाडीवाल्याला काय सांगायचं ते विचारलंच नाही तिनं. म्हणाली, "माह्या पोरीच्या नावाची एक पाटी काढून द्या. मंग मले शिकवा."

पाटी काढून दिली. शिकवायला वेळच उरला नाही, सुट्टी संपली होती. तर ऐक. दिवाळीला मी येतो. दर वेळी दुसऱ्या दिवसापासून पिशवी भरायला लागतो, तसा नाही. वहिनी स्वतः कॅसेट लावून, पाटी बसवून, मोटर अडली तर का अडली हे स्वतः शोधेपर्यंत मी घर सोडणार नाही. शेठनं काढून टाकलं तर टाको. परतीचं तिकीट न काढता येईन, दादा. हे मी जन्मात कधी केलेलं नाही.

तुझा लहाना,
गजानन