नऊ कॅप्सूल

प्रिय धाकटे,

"ताई, अशी तुटक का बोलतेस?" असं परवा तू फोनवर विचारलंस. कामाची गडबड आहे म्हणून मी वेळ मारून नेली. आता खरं लिहिते.

आईच्या छातीतला जंतुसंसर्ग बरा झाला, पण त्या जालीम अँटिबायोटिक्सनी तिच्या पोटाची पार वाट लावली. दोन महिने मी खालच्या दुकानातलं शिवणकाम टाकून दिवसातून पाच-सहा वेळा वर धावत यायचे. चादरी धुतल्या, मऊ भात चमच्याने भरवला. मग तू तीन दिवसांसाठी आलीस. तुमच्या प्रयोगशाळेत पोटातले जिवाणूच वाढवतात, तेव्हा डॉक्टरांशी तू त्यांच्याच भाषेत बोललीस आणि त्यांच्या संमतीने कॅप्सूलची डबी फ्रिजमध्ये ठेवून गेलीस. आतड्यातले चांगले जिवाणू औषधांनी मेलेत, या कॅप्सूलमधले नवे जिवाणू आत जाऊन घडी नीट बसवतील, रोज एक दे, असं मला शाळकरी पोरीसारखं समजावलंस.

दोन आठवड्यांत आई सावरली. शेजारीण असो की माझं गिऱ्हाईक, तिचं एकच पालुपद: धाकटीने मला उठवलं. मी तिथेच कुणाच्या तरी कोटाला काजं करत बसलेली असायचे. लहानपणी तुला बक्षीस मिळायचं तेव्हाही, अंगातला फ्रॉक कुणी शिवला हे कुणी विचारलं नाही.

म्हणून मी कॅप्सूल देणं बंद केलं. नऊ दिवस. तू फोनवर किती उरल्या विचारायचीस, म्हणून रोज एक बेसिनमध्ये टाकायचे. माझ्या हातच्या जेवणावर ती बरी राहते, एवढंच मला बघायचं होतं. दहाव्या दिवशी तिचं पोट पुन्हा बिघडलं. बाथरूमच्या दाराला धरून उभी असलेली आई बघून मी लगेच फोन उचलला. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांची बोलणी खाल्ली. कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या. आता ती बरी आहे.

काल तिच्यापाशी कबूल केलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. तू देईनास, मी मागितली नाही. तुझ्या मनातलं निवळेल म्हणून थांबले. पण तिला तूच सांग."

म्हणून हे पत्र. हवं तेवढं रागव. पण तुझं नाव निघालं की तिचा चेहरा उजळतो, आणि मला ते अजून बोचतं. तेव्हा पुढची डबी पाठवू नकोस. ये, आणि महिनाभर आईला तुझ्याकडे घेऊन जा. तिथे तुझ्या शेजारणीला ती माझ्याबद्दल काय सांगते, ते मला कळव.

तुझीच,
ताई