बांधाला मोरी

बडनेऱ्याजवळून, पौष

प्रिय जयवंता,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. तुझी आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. मी थकलो आहे. वयानं कमी, कचेरीच्या पायऱ्यांनी जास्त.

वर तुमच्या गावानं नाल्याला बांध घातला, तेव्हापासून इथे खाली दिवाळीलाच वाळू उघडी पडते. यंदा वांगी फुलावरच करपली. आमच्या गावानं तहसिलीत अर्ज दिला. तहसिलीनं अमरावतीला धाडलं, अमरावतीनं नागपूरला. दोन वर्षांनी मोजणीचे साहेब आले ते ऐन श्रावणात. दुथडी नाला पाहून "पानी तो बहुत है" म्हणाले आणि टांग्यात बसले. पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या.

गेल्या आखाजीच्या सणाला तुला न्यायला आलो होतो. भर वैशाखात तुझ्या अंगणातल्या विहिरीला पाणी होतं. बांधाआधी तू अर्ध्या कोसावरून घागरी आणायचीस. त्यातच पाय घसरून पडलीस आणि पोटातलं पहिलं मूल गेलं. त्या विहिरीच्या पाण्याचा चहा मी तसाच ठेवला. तू रागावलीस.

आता नागपूरहून हुकूम आला आहे, बांध फोडा. गाव खूश झालं. तुझी आई मात्र म्हणाली, "पोरीच्या घरचं पानी तोडून वांगे जगवता काय?" मी पुन्हा तहसीलदारांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, बांधाला उघडबंद होणारी मोरी ठेवून चार दिवस पाणी वर, तीन दिवस खाली, असं दोन्ही गावांनी लिहून दिलं तर हुकूम थांबवतो. आमच्या लोकांना समजावता समजावता तोंड सुकलं. शेजारचा देवीदास तर अंगावरच आला, "त्याईनं बांध घालताना आपल्याले इचारलं होतं काय?" खोटं नव्हतं ते. शेवटी त्यानंही अंगठा दिला.

तुमच्या गावाचा शब्द तुझ्या सासऱ्यांच्या हाती, पण उत्तमराव माझी पत्रं न उघडताच परत धाडतात. म्हणून तुला लिहितो आहे. तुला ठाऊक नसलेलं एक सांगतो. त्या पहिल्या अर्जावर पहिली सही माझी आहे. आखाजीला तुझ्या हातचं जेवलो, तेव्हाही तो अर्ज चालूच होता. सोबत आमच्या अंगठ्यांचा कागद आहे, तो त्यांच्यापुढे ठेव, त्यावर तुमच्या गावाचेही अंगठे हवेत. माझी लेक म्हणून नको, त्यांच्या घरची सून म्हणून बोल. नाहीतर सोमवारी माणसं कुदळी घेऊन निघतील. अर्जदारानं पुढे राहून जागा दाखवावी, असं हुकुमात लिहिलं आहे. बांधाची वाट तुझ्या दारावरूनच जाते, बाई.

तुझाच बाप,
केशव