हत्तीरोग नव्हे

आरमोरी, गुरुवार, १९५६

राग अजून उतरत नाही. नागपूरला गाठीपायी माझा डावा स्तन काढला, तेव्हापासून हा हात सुजलेलाच. सासूबाई मात्र सगळ्यांना हत्तीरोग सांगतात. छातीचं नाव घ्यायची लाज वाटते म्हणे. कसली लाज?

आज माझ्याच धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बायांनी मला अडवलं. "बाई, पाण्यात नोका उतरू, आमाले बी होईन."

मी सुजलेला हात वर करून ओरडलेच, "हत्तीरोग नाई हा! गाठ होती, माही छाती कापली!"

मग म्हातारी सगुणा म्हणाली, "माह्या बहिणीले बी गाठ होती. लाजेपायी कोनाले सांगतलीच नाई. मेली."

घरी सासूबाई म्हणाल्या, "चारचौघीत अब्रू घालवली."

म्हटलं, "सगुणाच्या बहिणीनं राखली होती."