चालू लाईनचं टेबल

१० फेब्रुवारी, सोमवार

"लेडीज चालू लाईनवर नाही!" आज पुन्हा! देवरे सर हसत म्हणाले. हसत म्हणाले म्हणून जास्त लागलं.

आयटीआयच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं ते लांब टेबल. तिथे थेट दोनशे तीस व्होल्ट. बिघडलेलं बोर्ड लावायचं, वीज चालू ठेवायची आणि मीटरने बिघाड शोधायचा. दिवाळीपासून मुलं तिथे शिकताहेत. मी आणि संजना मात्र खिडकीपाशी, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर छोटे दिवे लुकलुकवत बसलोय. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी — खेळणं घेऊन!

आणि चोवीस तारखेला कंपनीची माणसं येणार, टेस्टिंगसाठी निवड करायला. परीक्षा काय? चालू बोर्डमधला बिघाड शोधा!

अंबडच्या कारखान्यात इतकी वर्षं मी विजेचे मीटर खोक्यात भरले. आत काय असतं ते कधी पाहिलं नाही. मग एके दिवशी पॅकिंगच्या सगळ्या बायकांना फोन — उद्यापासून येऊ नका. टेस्टिंगवाल्यांना कोणी हात लावला नाही. म्हणून तर या वयात पोरांच्या वर्गात येऊन बसले.

११ फेब्रुवारी

वर्गातला बंटी म्हणतो, "मावशी, कशाला टेन्शन घेता? तुम्ही आमच्या जर्नलच्या आकृत्या काढा. हात भारी आहे तुमचा."

मनाने वाईट नाही पोरगा. पण आज त्याला डब्यातली मेथी दिली नाही. जरा क्षुद्रपणा झाला. असू दे!

१३ फेब्रुवारी

सरांनी नवीनच काढलं. "शॉक बसला तर जबाबदारी कोणाची? तुमच्या मिस्टरांना घेऊन या. ते हो म्हणाले तर बघू."

मी म्हटलं, माझी जबाबदारी मी घेते. "तसं नसतं हो ताई." मग कसं असतं? बंटीच्या वडिलांना बोलावलं होतं का? एकाही मुलाच्या घरी विचारलं होतं का?

संजनाला वडील आणायला सांगितलंय. सुरगाण्याकडची पोर, इथे होस्टेलला असते. आईबाप हंगामात दिंडोरीकडे, द्राक्षाच्या बागेत कामाला.

"बाला कसा आणू मावशी? मुकादम सोडायचा नाय. अन् आला तरी सरालाच म्हणंल — लय शिकली ही, आता घरी धाडा!"

बोलली आणि स्वतःच खुदकन हसली. मला हसू आलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

किशोर आला. इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाची बोलणी करायला आल्यासारखा!

सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मी उभी. माझ्याच वर्गात! पुलावरचं ट्रॅफिक, यंदाचा द्राक्षांचा भाव, सगळं बोलून झालं. मग विषय निघाला. आणि माझा नवरा म्हणाला, "सर म्हणतात ते काही चुकीचं नाही."

परतताना गाडीवर, मुंबई नाक्याच्या सिग्नलला तो म्हणाला, मान न वळवता — "भीती वाटते गं मला."

मग ती मला सांगायची होती! सरांच्या हातात का दिलीस? भीती तुझी, आणि टेबल गेलं माझं.

१६ फेब्रुवारी

भाकरी करपली. मुद्दाम नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संजनाला घेऊन थेट प्राचार्यांकडे गेले. किती वाक्यं तयार केली होती बसमध्ये! एकही लागलं नाही. ते म्हणाले, "अहो, बरं झालं आलात. कंपनीचा आग्रह आहे, मुलीही हव्यात. फोटोत दिसायला पाहिजेत ना." आणि सरांना फोन. उद्यापासून दोघी टेबलावर.

म्हणजे आम्ही शिकायला आलोय म्हणून नाही. फोटोत दिसायला!

तरी घेतलं मी. रागाने घेतलं, पण घेतलं.

१८ फेब्रुवारी

आज! आज!

बंटीच शिकवत होता. "मावशी, एक हात खिशात. दोन्ही हात बोर्डवर गेले तर करंट छातीतून जातो." म्हटलं, अरे, बायकांच्या ड्रेसला खिसा असतो का? तो गोंधळला. "मग पाठीमागे धरा. पीटीच्या तासाला धरतात तसा." धरला. मीटरची टोकं लावली. तीनशे वीस! दोनशे तीसची वीज एवढ्याशा काळ्या कपॅसिटरच्या डबड्यात साठून तीनशे वीस व्होल्ट होते, आणि ते मी मोजले.

मग संजनाची पाळी. अर्ध्या तासाने ओरडली, "घावला! मावशी, डायोड गेलाय!" आख्ख्या वर्कशॉपने टाळ्या वाजवल्या. सर तेवढे वाजवत नव्हते. सारखे येऊन आमच्या पायांखालची रबरी चटई सरळ करत होते. मी मनात म्हटलं, जळू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहिते.

टेबलाच्या वर भिंतीला एक पांढरी डबी आहे. पुस्तकात वाचलं होतं — कोणाला शॉक बसला की ही डबी क्षणात वीज तोडते. माणूस वाचतो. तिच्यावर छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबलं की वीज जायला हवी. कोणी दाबताना मी पाहिलं नव्हतं. आज मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. टेबलावरचा दिवा जळतोच आहे. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. सरांना हाक मारली.

त्यांचा चेहरा उतरला. मला दाराबाहेर नेलं. "सारखी पडायची हो ताई ती. मिनिटामिनिटाला लाईट जायची, पोरांचं प्रॅक्टिकल होईना. म्हणून तिच्यातल्या तारा काढून डायरेक्ट जोडणी केली." मग हळूच — "म्हणून तर तुम्हा दोघींना नको म्हणत होतो."

म्हणजे काळजी खरी होती! मी इतके दिवस वेगळ्याच गोष्टीवर चिडत होते.

पण मुलं? मुलांची काळजी कोणाला?

"पोरं काय, सांभाळून करतात."

आत बंटी त्याच टेबलावर वाकला होता. घामाने मान चमकत होती. मानेवर एक तीळ आहे त्याच्या. आईला माहीत असेल तो.

"चोवीस जाऊ द्या," सर म्हणाले. "आत्ता बोललात तर टेबल बंद. तुमचंच नुकसान."

किशोरला खुर्ची दिली, चहा पाजला, द्राक्षांचा भाव सांगितला — हे नाही सांगितलं!

२१ फेब्रुवारी

सकाळी प्राचार्यांना सांगितलं. दुपारी टेबलाची वीज तोडली. आता चोवीसपर्यंत सराव कोणालाच नाही. मला नाही, संजनाला नाही.

बंटी सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला, "तुम्हाला टेबलावर येऊच द्यायला नको होतं मावशी!"

ओरडू दे. धडधाकट ओरडतोय.