डावा खांदा

आप्पा, काल आमच्याकडे एक घोडीवाला आला होता. मी नगरला एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते, पावत्या फाडते. तुम्हाला हे कुठून माहीत असणार, तुम्ही गेलात तेव्हा माझा दहावीचा निकालसुद्धा लागला नव्हता. त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून आणलं होतं. पारनेरकडच्या एका यात्रेत बैलांनी त्याला घोडीसकट आडवं केलं होतं. "पोटाचं काय न्हाई वो मॅडम," तो म्हणाला, "खांदाच लई ठणकतोय. डावा." मी हातातलं पेन खाली ठेवलं.

तुमचाही डावाच होता.

आपला धंदा इथे कुणाला सांगून पटत नाही. बैलगाड्यांची शर्यत म्हटली की लोकांना बैल दिसतात, मालक दिसतो, गुलाल दिसतो. बैलांच्या पुढे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एक घोडी पळते आणि तिच्यामागे लागून बैल पळतात, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. घोडी फार पुढे गेली तर बैल ढिले पडतात, मागे रेंगाळली तर शिंगांवर येते. ते मधलं अंतर राखण्याचे तुम्हाला पैसे मिळायचे, एका बारीचे, म्हणजे एका धावेचे, पाचशे. बक्षिसाची मोटारसायकल मालकाच्या दारात जायची. माईकवरचा माणूस बैलांची नावं घसा फुटेपर्यंत घ्यायचा, तुमचं एकदाही घेतलं नाही. तुम्हाला टोपी, उपरणं आणि नारळ. चैत्रात घरात इतके नारळ साठायचे की आई ते देवळाजवळच्या दुकानदाराला अर्ध्या किमतीत परत द्यायची. पुढच्या यात्रेत तोच नारळ पुन्हा तुमच्या हातात पडत असेल, असं मला वाटायचं.

आणि त्या पाचशेतून सगळ्यात आधी घोडीचा हरभरा यायचा. एकदा मी तिच्या भिजवलेल्या हरभऱ्यातली मूठभर खाल्ली, तर तुम्ही माझा हात धरलात. "तिच्या कमाईचं हाय ते. आदी तिचं प्वाट, मग आपलं." चार दिवस मी तुमच्याशीही बोलले नाही आणि घोडीशीही नाही. पण तो हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला. इतका पक्का बसायला नको होता.

त्या दिवशी मी घाटाच्या कडेला उभी होते. मधेच घोडी अडखळली, तिच्या मागच्या पायात शिंग घुसलं आणि ती बसली. तुम्ही तिच्या मानेवरून पुढे पडलात आणि गाडा तुमच्या बरगड्यांना धडकून गेला. तुम्ही उठलात, धोतर झटकलंत आणि लोकांकडे बघून हसलात. मालकाने पाच हजार रुपये तुमच्या खिशात कोंबले आणि म्हणाला, "दाखवून घ्या." कुणाला, ते काही तो बोलला नाही.

आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीशी पाट ओढून बसलात. घोडीला टेम्पोत घालून नगरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, की टाके, इंजेक्शनं, टेम्पोचं भाडं यात ते पाच हजार संपणार. गावातल्या डॉक्टरने तुमच्याबद्दलही सांगितलं होतं, पोटाची सोनोग्राफी करून घ्या. दोन्ही जमणार नव्हतं. आई म्हणाली, "तुमी सोताला दाखवा. घोडी काय, येईल दुसरी."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय गं, तू सांग. आदी कुनाला न्यायचं?"

वैशाखातल्या आठ यात्रा ठरलेल्या होत्या. त्या बाऱ्यांच्या पैशांवर माझं नगरचं कॉलेज होतं, होस्टेल होतं. तुम्ही तर खांदाच दुखतो म्हणत होता. मी म्हणाले, "घोडीला."

तुम्ही हसलात. आईला म्हणालात, "बघ, पोरीला धंदा कळतो." तव्यावरची भाकरी करपली तरी आईने उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घोडीची मान धरून टेम्पोत उभ्याने नगरला गेलात. आता आमचं सेंटर आहे त्याच रस्त्यावरून टेम्पो गेला असणार, जनावरांच्या दवाखान्याकडे दुसरा रस्ता नाही. पुढचे नऊ दिवस मी तुमच्या खांद्याला कोमट तेल लावत होते. तुम्ही म्हणायचात, "अजून जरा वर, व्हय, तितंच." दहाव्या दिवशी सकाळी घोडीला पाणी पाजताना तुम्ही बादलीवरच कोसळलात. दवाखान्यात नेताना पारनेर येण्याआधीच संपलं.

इथे नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी एका पेशंटचा फोटो दाखवत सांगितलं, की मार लागून प्लीहा फाटली तर रक्त पोटात साचतं आणि दुखतं मात्र डाव्या खांद्यात. कधीकधी आठ-दहा दिवस माणूस हिंडता-फिरता असतो. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. मी नऊ दिवस कशाला तेल लावत होते, ते मला तेव्हा कळलं.

घोडी बरी झाली. चुलत्याने ती वैशाखभर पळवली, माझी फी भरली गेली. पुढे कोर्टाने शर्यतीच बंद केल्या आणि घोडी वरातीसाठी बँडवाल्याला विकावी लागली, ती पण मातीमोल. आता शर्यती पुन्हा सुरू आहेत.

कालचा माणूस म्हणत होता, "परवा यात्रा हाय, घोडी ठरलीय, ती उरकून येतो." मी इतकी ओरडले की डॉक्टर बाहेर आले. त्याच्या प्लीहेला चीर होती. स्ट्रेचरवरही तो विचारत होता, "घोडीकडं कोन बघंल?" त्याच्या बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला. रात्री त्याचं ऑपरेशन झालं, वाचला म्हणतात. तुमच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की आप्पा हट्टी, त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. नवऱ्याला हेच सांगितलं, मुलीलाही. आईने मला एकदाही खोटं पाडलं नाही, आणि ते मला जास्त लागतं. तुम्ही विचारलं होतंत आप्पा. माझंच ऐकलंत.

हे पत्र संपलेल्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलंय, ते पर्समध्येच राहील. एक गोष्ट मात्र इथेही लिहावी की नाही, कळत नाही. उभ्या आयुष्यात तुम्ही माझं कौतुक एकदाच केलंत, त्या दिवशी चुलीपाशी. ते आठवलं की मला अजून बरं वाटतं.